पंचशीलाच्या रॅपला मी दिलेलं संगीत

ताईला रॅपची लागण बुवापाड्यातल्या आमच्या विहाराबाहेर झाली. दर रविवारी सकाळी आत वंदना चालायची आणि बाहेर पोरं बाइकवर बसून मोबाइलवर रॅप ऐकायची. ताई माझी मोठी बहीण, उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात सिस्टर. सलाइन लावताना हात हलवणाऱ्या पेशंटलाही तिची भीती वाटते. एका रविवारी ती त्या पोरांना आत हाकलायला गेली आणि एकाच्या कानातला इअरफोन काढून तिने स्वतःच्या कानात घातला. अख्खं गाणं तिने तिथेच उभ्यानं ऐकलं. मग इअरफोन परत देत म्हणाली, "शिव्या काढल्या तर बाकी मुद्देसूद आहे."

पुढच्या महिन्यात तिने पाच गाणी लिहिली. पाच शीलं, पाच गाणी. संगीत अर्थातच मी देणार होतो. दिवसा मी बदलापूरला शिरगावच्या सोसायट्यांमध्ये पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो, पण बीट बनवण्याचा मला कॉलेजपासून नाद आहे. आतापर्यंत दोन हळदींना आणि एका जिमच्या उद्घाटनाला माझं संगीत वाजलं होतं. धम्माचं काम पहिल्यांदाच हाती आलं होतं आणि मी ते फार मनावर घेतलं.

माझा स्टुडिओ म्हणजे उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पमध्ये एका सिंधी सेठच्या जीन्सच्या कारखान्यावरचा पोटमाळा. सेठचा फिल्टर मी एकदा वाचवला होता, तेव्हापासून त्याने ती जागा वापरायला दिली होती. खाली शिलाईच्या मशिनी, वर तयार मालाचे गठ्ठे. जीन्सचे गठ्ठे भिंतीला छतापर्यंत लावले की आवाज असा दाबला जातो की पैसेवाल्या स्टुडिओतही तसा दाबला जात नसेल. फक्त मोठी ऑर्डर गेली की भिंती उघड्या पडायच्या आणि खोली घुमायला लागायची. त्यामुळे सेठचा धंदा कसा चाललाय ते मला माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू यायचं.

पाचही गाणी मी भरगच्च केली. ढोलकी, बास, टाळ्या, तिसऱ्या गाण्यात बासरी. ताईच्या आवाजाला थोडं ऑटोट्यून लावलं, म्हणजे सूर हलला तर काँप्युटर तो जागेवर बसवतो. माझ्या बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "ताई आहेत असं वाटतच नाही." मी ते कौतुक समजलो.

विहाराचे अध्यक्ष फॅक्टरीतून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेले. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी ऐकल्याशिवाय विहारात काही वाजत नाही, म्हणून ताईने त्यांना पोटमाळ्यावर आणलं. ते लेबलांच्या गोणीवर बसले, चष्मा पुसला, आणि पहिलं गाणं सुरू होताच हात वर केला.

"हे काय वाजतंय?"

"ढोलकी, सर."

"गाणं कशावर आहे?"

"प्राणिहत्या करू नये."

"आणि ढोलकी कशाची असते?"

मी म्हटलं, "सर, ही काँप्युटरमधली आहे. चामडं नाहीये यात."

"पण आवाज चामड्याचाच ना? मग कधीतरी कुणाचं तरी कातडं काढलंच असणार, त्याशिवाय काँप्युटरला तो कळला कसा?"

  मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती पुढे झुकून बसली होती, वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला आल्यावर बसते तशी. "काढ," ती म्हणाली.

दुसरं गाणं चोरीवर होतं. ते सुरूही झालं नाही. सरांनी स्क्रीनकडे बोट दाखवून साधं विचारलं, "हे सॉफ्टवेअर विकत घेतलंय का?" ते मी घेतलेलं नव्हतं. अख्ख्या कल्याण तालुक्यात ते कुणी विकत घेतलं असेल असं मला वाटत नाही. पण ताईचा चेहरा असा झाला, जणू मी हॉस्पिटलमधून कापूस चोरून आणला होता. त्यातले सगळे बनवलेले आवाज तिथेच गेले. बासरीही त्यात गेली. तिच्यावर कुणाचा आक्षेपच नव्हता.

उरला बास. तो मी मित्राच्या खऱ्या गिटारवर स्वतः वाजवला होता आणि त्याचा मला अभिमान होता. तिसरं गाणं व्यभिचारावर. सरांनी ते निम्मं ऐकलं. बास पोटात लागत होता, गोणी हलत होती. "महिला मंडळ पुढच्या रांगेत बसतं," एवढंच सर म्हणाले. पुढे काही बोलायला ते लाजले, मीही लाजलो, आणि बास गेला.

चौथं खोटं बोलण्यावर. ऑटोट्यून काय असतं ते मी त्यांना इमानदारीत समजावून सांगितलं आणि समजावता समजावताच मला कळलं की मी काय करून बसलोय.

आता फक्त टाळ्या उरल्या होत्या. माझ्याच हाताच्या, चोरीच्या नव्हत्या, खऱ्या होत्या. पाचव्या गाण्यात, जे दारूवर होतं, त्या एकसारख्या वाजत राहायच्या. सर डोळे मिटून ऐकत होते. हळूहळू ते डोलायला लागले. मला हायसं वाटलं. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि घाबरून म्हणाले, "मला झिंग आली. काढा हे."

जिना उतरताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "संगीत चांगलं आहे तुमचं. नाव नक्की टाकू."

त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, उपाशी राहून बास परत येणार नाही. सकाळी ताईचा फोन आला, "नुसता आवाज रेकॉर्ड करू. ये." मी चिडून म्हणालो, "मग माझं काय काम?" ती म्हणाली, "बटन कोण दाबणार?"

नेमकी त्याच आठवड्यात सेठची मोठी ऑर्डर इंदूरला गेली होती. पोटमाळा रिकामा. ताई बोलली की भिंती परत बोलत होत्या. शिवाय गठ्ठे नसल्यामुळे खालच्या मशिनींची खरखर वर येत होती. पहिलं गाणं रीतसर फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड केल्यावर मी सरांना फोन केला, की मागचा आवाज काँप्युटरने पुसता येतो, पुसू का?

"मशिनी चालू होत्या का?"

"होत्या."

"मग चालू होत्या असंच ऐकू येऊ दे."

तर असा आमचा अल्बम. एक बाई भरभर बोलतेय, ओळ संपली की श्वास घेते, आणि श्वासाच्या जागी जीन्स शिवली जातेय.

चौथ्या गाण्याला मात्र आम्ही अडलो. त्यात तिची एक ओळ होती, "खरंच बोलते घरात, वॉर्डात, बाजारात." आधी 'वॉर्डात'वर ढोलकीची थाप पडायची आणि ती ओळ सगळ्यात जोरदार वाटायची. आता थाप नव्हती. ताईने रेकॉर्डिंग परत परत लावायला सांगितलं.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"काय?"

"वॉर्डात म्हणताना मी पळतेय. पटकन बाजारात जातेय."

मी ऐकलं. खरंच जात होती. ढोलकी असताना ते कधीच कळलं नसतं. माझी ढोलकी तिला मदत करत होती असं मला वाटायचं. ती तिला झाकत होती.

तिने हेडफोन काढला आणि गोणीवर बसली. "नातेवाईक विचारतात, सिस्टर, उठेल ना आमचा माणूस? मी म्हणते उठेल. मला माहीत असतं, तरी म्हणते." मग तिने ओळ बदलली: "वॉर्डात विचारतात, उठेल ना तो? मी म्हणते उठेल, आणि पडदा ओढून घेते."

मी म्हटलं, "ताई, यमक नाही जुळत."

"नाही जुळत," ती म्हणाली, आणि तसंच रेकॉर्ड केलं.

सर शेवटचं ऐकायला आले तेव्हा ती ओळ येताच मी मनातून तयारच होतो. खोटं बोलण्यावरच्या गाण्यात बाई खोटं बोलल्याचं सांगतेय, हे तर नक्की जाणार.   गाणं संपल्यावर सरांनी ताईला विचारलं, "आमच्या मिसेसच्या वेळी पण?"

त्या बाई ताईच्याच वॉर्डात वारल्या होत्या हे मला तेव्हा कळलं.

"हो सर," ताई म्हणाली.

खाली मशिनी चालू होत्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे राहू दे," ते म्हणाले. मशिनींची खरखर सोडली तर पाच गाण्यांत त्यांनी राहू दिलेली ती एकच गोष्ट.

प्रकाशन रविवारी सकाळी वंदनेनंतर झालं. व्यासपीठावर मध्ये भंतेजी, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या साडीत ताई आणि तिच्या शेजारी पांढऱ्या शर्टात मी, कारण संगीतकार. अल्बम वाजवायचा होता, म्हणजे ताईने गप्प बसून स्वतःचा आवाज ऐकायचा होता आणि मी माझं संगीत. पुढच्या रांगेत, महिला मंडळाच्या कडेला, डोक्यावर रुमाल बांधून सेठ बसला होता. जागा त्याची म्हणून आम्ही त्याला बोलावलं होतं.

पहिलं गाणं लागलं आणि साउंडवाला उठला. त्याने एक वायर हलवली. दुसरी हलवली. मग वाकून व्यासपीठाच्या मागून माझ्यापर्यंत आला आणि कानात म्हणाला, "दादा, ट्रॅक येत नाहीये. फक्त आवाज येतोय."

"एवढंच आहे," मी म्हणालो.

"म्यूझिक?"

"हेच."

त्याने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, तितक्या दयेने आतापर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. "मागे खरखर आहे, ती तरी काढू का?" त्याने विचारलं. मी नको म्हणालो. तो जागेवर जाऊन बसला, पण त्याचे हात वायरींवरच राहिले.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ताल ऐकू यायला लागला. स्पष्ट, जाड, अगदी जिथे पडायला हवा तिथे. ठक्, ठक्ठक्. लोकांच्या माना हलायला लागल्या. बाहेर बाइकवरची पोरं दारात आली. मी साउंडवाल्याकडे पाहिलं, त्याने दोन्ही हात वर करून 'मी नाही' असं दाखवलं. मग मला दिसलं. सरांच्या समोर सूत्रसंचालनाचा माइक होता, तो कुणी बंद केला नव्हता, आणि सर डोळे मिटून टेबलावर अंगठीचं बोट आपटत होते. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. ताईने मान न वळवता मला पायाने ढोसलं. अर्थ होता, गप्प बस. मी गप्प बसलो.

तिसरं गाणं पडलं. हे मी मान्य करतो, संगीतकार म्हणून. व्यभिचारावर बाई काही मिनिटं नुसती बोलतेय म्हटल्यावर ते सासूचं बोलणं वाटायला लागतं. लोक खोकले. एका पुरुषाने मोबाइल काढला, एकजण पाणी प्यायला गेला आणि आलाच नाही. त्या गाण्याला बास हवाच होता. शब्द खरे असले म्हणून ते एकटे चालू शकतात असं नाही.

चौथ्याला मात्र कुणी हललं नाही. पडद्याची ओळ आली तेव्हा सरांचं बोट थांबलं. मशिनींची बारीक खरखर तेवढी चालू राहिली आणि कुणालाच ती खरखर वाटली नाही.

कार्यक्रम संपल्यावर भंतेजींना वंदन करायला मी वाकलो. त्यांनी हळूच विचारलं, "ताईंनी मला आधी मोबाइलवर एक गाणं पाठवलं होतं. त्यात खाली ते घुम घुम होतं, ते कुठे गेलं?"

"बास, भंतेजी. काढला."

"का?" भंतेजी म्हणाले. "छान होतं की."

मी सरांकडे पाहिलं. सर साउंडवाल्याला वायर गुंडाळायला मदत करत होते, फार लक्ष देऊन.

तेवढ्यात सेठने मला गाठलं. त्याचे डोळे ओले होते. "साईं, म्यूझिक कमाल का है। कहीं बीच में आता ही नहीं।" त्याला झूलेलालवर सिंधीत असाच अल्बम करायचा होता, स्वतःच्या आवाजात, आणि संगीत माझंच हवं होतं, अगदी हेच. मी त्याला समजवायचा प्रयत्न केला की हे संगीत म्हणजे मी काहीच केलेलं नाही. "मालूम है," तो म्हणाला. "सब लोग कुछ ना कुछ करते हैं, वो ही तो तकलीफ है।"

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी त्याला खालच्या मशिनी तासभर बंद ठेवायला सांगितल्या. तो दुखावला. ताईच्या गाण्यात मशिनी होत्या, मग त्याच्या देवाच्या गाण्यात का नाहीत? त्याने कारागिरांना आधीच सांगून ठेवलं होतं. पोटमाळ्याच्या फळ्यांमध्ये एक चौकोनी भोक आहे, त्यातून माल खाली सोडतात. मी त्या भोकाशी बसलो. खालून सगळे कारागीर वर माझ्याकडे बघत होते, पाय पॅडलवर. मी हात खाली केला की मशिनी एकदम चालू व्हायच्या, वर केला की थांबायच्या. सेठ मागे माइकवर डोळे मिटून सुरू झाला. तो ताल सोडून पळायचा, मी हाताने मशिनी पळवायचो, तो श्वासाला थांबायचा, मी मशिनी थांबवायचो. तिसऱ्या गाण्यात आम्ही असे काही जमलो की मी रडायच्या बेताला आलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे वाद्यवृंद होता.

त्या दिवशी शिवलेल्या सगळ्या पँटींची शिवण मध्येच थांबून पुन्हा सुरू होते, काही ठिकाणी वाकडी जाते. मी सेठची माफी मागितली. त्याने एक पँट उजेडात धरून बघितली, मला दाखवली आणि म्हणाला, "ये देख, दूसरा गाना।"