अंबुबाईचा सर्व्हरवाला

भालकीजवळच्या मेहकरची अंबुबाई कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. पण बेंगळुरात बँकेचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नागराजचा फोन आला की तिचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. हा लेक दर दिवाळीला ‘येतो’ म्हणायचा आणि दर दिवाळीला मायच्या तोंडाला पानं पुसायचा.

पाडव्याला मेंढरं ओवाळून झाली की थोरल्या लेकानं काठी घेऊन कळपापुढं वेशीपर्यंत चालायचं, ही घरची रीत. नवरा पिराप्पा गेल्यापासून तो मान नागराजचा. त्याच्यापायी अंबुबाई दुपारपर्यंत कळप कोंडून भालकीच्या बसकडं डोळे लावून बसायची आणि भुकेली मेंढरं गाव डोक्यावर घ्यायची.

“बँकेला सुट्टी, मग तुला कामून न्हाई रे?” यंदा तिनं फोनवर विचारलंच.

“सुट्टी म्हणूनच काम, माय. गिऱ्हाईक नसतंय तवाच सर्व्हर दुरुस्त करता येतंय.”

“सर्व्हर म्हंजे काय, ते तरी सांग. लेक कशापायी गेला ते कळू दे.”

नागराजनं समजावलं. बँकेचा कारभार जावा नावाच्या भाषेत लिहिलेला असतो, पण त्याला राबायला घर लागतं. ते घर म्हणजे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर. दाराशी एकजण आलेल्याला आत पाठवतो, मधल्या घरात काम होतं, मागच्या कोठीत माहिती असते. मधल्या घरात एकाच गड्यावर भागत नाही, सारखेच दोघं-तिघं ठेवतात. एक पडला की दारावरचा ते काम दुसऱ्याकडं वळवतो.

“आन आलेल्याला?”

“त्याला पत्ता बी लागत न्हाई.”

“यंत्राला जोडीदार हाय, आन तुला न्हाई व्हय रे?” असं म्हणून अंबुबाईनं फोन ठेवला. मग पदरात तोंड खुपसून पोटभर रडली.

त्या पाडव्याला तिनं वाट बघितली नाही. काठी सरळ धाकट्या लेकीच्या, श्रीदेवीच्या हातात दिली. शेजारचा म्हातारा गुरप्पा कुरकुरला, “पोरीच्या हातात काठी?”

“मग तू चाल की पुढं!” अंबुबाई फणकारली. वर्षभर मेंढरं राखायची पोरीनं आणि पाडव्याला तेवढी ती चालत नाही, वा रे वा! गुरप्पा गुमान बाजूला झाला.

कळप वळणावर आला आणि समोर बॅग घेऊन नागराज उभा! मायचा बोल काळजाला लागला होता. काम सोबत्याच्या गळ्यात घालून तो मिळेल त्या गाडीनं आला होता.

“आला गं बाई माझा!” अंबुबाईला काही सुधरेना. तिनं श्रीदेवीच्या हातातली काठी ओढून लेकाला दिली. नागराज कळपापुढं झाला, त्यानं हाळी दिली. मेंढरं जागची हलेनात.

“अण्णा, जरा मोठ्यानं,” श्रीदेवी हळूच म्हणाली.

तो मोठ्यानं ओरडला, तशी मेंढरं बिचकून मागं सरली. म्होरकी मेंढी मान वळवून श्रीदेवीला शोधायला लागली.

नागराजनं काठी बहिणीला परत दिली. तिनं शीळ घातली मात्र, सगळा कळप तिच्यामागं निघाला. तो मागं धुरळ्यात चालत राहिला. अंबुबाईनं त्याचा हात धरला.

“नवी मेंढरं हायत रे. जुनी इकली आपण,” ती साफ खोटं बोलली.

“म्होरकीला मीच बाटलीनं दूध पाजून वाढवलोय, माय,” नागराज म्हणाला आणि भर रस्त्यात त्याला रडू फुटलं.