बंदचालू आणि अडकलेलं अपडेट

कानाच्या दवाखान्यात सगळे त्याला 'बंदचालू' म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर 'सर'. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळीकडे सर म्हणतात, कारण उद्या आपलंच काम त्याच्या हातात अडकायचं. पण पाठ वळली की बंदचालू. प्रिंटर छापत नाही? बंद करून चालू करा. स्क्रीन गोठली? बंद करून चालू करा. एकदा रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, "सर, मला सकाळपासून गरगरतंय हो," तेव्हाही त्याच्या तोंडून तेच निघणार होतं. ओठ आवळून धरले म्हणून निभावलं.

आता कुणी म्हणेल, एवढ्यासाठी का माणूस नेमायचा? अहो, नेमायचाच. बंद करायचं कसं ते सगळ्यांना येतं, पण बंद करून पुन्हा चालू झालंच नाही तर शिव्या कुणी खायच्या? त्या शिव्या खायचा त्याला पगार होता. आणि ती नोकरीही त्याच्या बाबांच्या पुण्याईवर मिळालेली. बाबा याच दवाखान्याचे स्टोअरकीपर. कडक माणूस. ते निवृत्त झाले, पण त्यांचे नियम काही निवृत्त झाले नाहीत. सही केल्याशिवाय कात्री मिळणार नाही, जुना बल्ब दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही, हे अजून तसंच चालू होतं.

आणि नशिबाची थट्टा बघा. कानाच्या दवाखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाचेच कान गेले. आधी थोडे, मग बरेच. कानातलं जुनं मशीन एक दिवस कायमचं गप्प झालं. नवी जोडी आली, चांगली महागातली, पण ती नुसती कानात घालून भागत नाही. ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे ती कॉम्प्युटरवरून जुळवून घ्यावी लागते. त्यासाठी कंपनीचं नवं सॉफ्टवेअर डॉक्टर बाईंच्या कॉम्प्युटरवर बसायला हवं. तोवर ते मशीन म्हणजे कानात घातलेला बोळा.

सॉफ्टवेअर बसेना. पडद्यावर यायचं, 'आधी ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट पूर्ण करा.' बरं बाबा, करतो. अपडेट लावलं की सकाळी दुसरा निरोप हजर, 'काहीतरी चूक झाली. केलेले बदल मागे घेत आहोत. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.' काहीतरी चूक झाली! काय चूक? कुणाची? कुठे? ते विचारायची सोय नाही. खाली एक लांबलचक आकडा, तोही असा की आकडा आहे की कुणाचा पासवर्ड हे कळू नये. एवढे पैसे घेऊन सिस्टीम विकतात, आणि वेळ आली की घरकाम टाळणाऱ्या पोरासारखी मान खाली घालून उभी राहते.

एरवी बंदचालूने हा प्रकार आरामात महिनाभर रेटला असता. लागलं तर लागलं. पण या वेळी घाई होती, आणि त्याचं कारण तो दवाखान्यात कुणाला सांगत नव्हता.

कारण असं. त्याची धाकटी बहीण दूरच्या गावी दिलेली. ती रोज संध्याकाळी बाबांना फोन करायची. कान गेल्यापासून बाबांनी एक युक्ती काढली होती. पलीकडून आवाज थांबला की म्हणायचं "हो हो", आणि पुन्हा थांबला की म्हणायचं "छान छान". रोजच्या गप्पा त्यावर निभावून जात. बाबांना वाटायचं, कुणाला कळत नाही. घरच्यांना वाटायचं, जाऊ दे, त्यांचा मान राहतोय. सगळेच एकमेकांना सांभाळून घेत होते, म्हणजे सगळेच एकमेकांना फसवत होते.

मग एके संध्याकाळी धाकटीने फोन केला. तिला दिवस गेले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी ती सांगत होती की बाळ राहिलं नाही. आईला जाऊन काही वर्षं झालेली, त्यामुळे हे सांगायला तिला एक बाबाच होते. तिने सांगितलं. आवाज थांबला. आणि बाबा खुशीत म्हणाले, "अरे वा! छान झालं! मला वाटलंच होतं!"

त्यानंतर तिचा बाबांना फोन आला नाही. भावाला आला, त्यात तिने सगळं सांगितलं. "दादा, त्यांना सांगू नकोस," असं शेवटी म्हणाली ती, आणि रडली. तिला कळत होतं की बाबांना ऐकू आलेलं नाही. पण कळून काय उपयोग? कानावर पडलं ते पडलंच. बाबा मात्र रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसायचे आणि विचारायचे, "हिला काय झालं रे? बापाची आठवणही येत नाही?" बंदचालूला ते बघवत नव्हतं. त्याला भडभडून यायचं, आणि मग तो उगाच बायकोवर खेकसायचा.

म्हणून तो त्या अपडेटच्या मागे हात धुवून लागला. डिस्कवर जागा केली. अँटीव्हायरस नावाचा पहारेकरी झोपवला. अर्धवट उतरलेल्या फायली पुसून नव्याने उतरवल्या. सिस्टीमच्या फायली तपासून दुरुस्त करून घेतल्या. आणि अर्थात बंद करून चालू केलं, इतक्यांदा की बटणावरचा रंग गेला. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही एकदा बंद करून चालू करून बघितलंत का?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं, हे वाक्य ऐकणाऱ्याला कसं वाटतं.

"दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवू का?" त्याने विचारलं.

"नाही सर. तुमच्या दवाखान्याची परवानगी त्या एकाच कॉम्प्युटरला आहे."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "माझ्या पेशंटच्या वेळात ते अपडेट-बिपडेट नको. संध्याकाळी निघताना लावा, रात्रभर चालू दे." तोही रोज तसंच करत होता. निघताना अपडेट लावायचं, चाक फिरायला लागलं की मनातल्या मनात हात जोडायचे आणि घरी जायचं. सकाळी येऊन बघावं तर बदल मागे घेतलेले. रोज. जुनाट कॉम्प्युटर, त्यामुळे अपडेट गोगलगायीच्या चालीने चालायचं, पण गोगलगायसुद्धा कधीतरी पोचते की नाही?

शेवटी एक दिवस तो वैतागून घरी गेलाच नाही. दवाखाना सुटला, सगळे गेले, हा डॉक्टर बाईंच्या खुर्चीत पडद्यासमोर ठाण मांडून बसला. एक टक्का, दोन टक्के. चहा पिऊन आला, सात टक्के. जीव मुठीत धरून तो बघत होता. अकरा टक्के झाले आणि खटकन सगळं काळं. पडदा गेला, दिवा गेला, पंखा थांबला. बॅटरीच्या ज्या डब्याने अशा वेळी कॉम्प्युटर सांभाळायचा, तो कधीचा मेलेला होता, आणि रिसेप्शनवरच्या बाईंनी त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली होती.

तो अंधारात चाचपडत बाहेर आला. समोर टॉर्च घेऊन वॉचमन काका.

"कोण आहे? अरे, तू होय! घरी नाही गेलास?"

"काका, लाइट गेली का?"

"जाईल कशाला? मी घालवली. मेन स्विच बंद केला."

"का?"

"का म्हणजे? रोजच करतो. आधी मेन बंद, मग कुलूप. तुझ्या बाबांनीच घालून दिलंय."

बंदचालू मटकन बाकावर बसला. एवढे दिवस तो सिस्टीमला शिव्या घालत होता, कंपनीला घालत होता, त्या गोड आवाजाच्या मुलीला घालत होता. आणि रोज संध्याकाळी कॉम्प्युटर 'बंद करू नका, बंद करू नका' असं विनवत असताना, त्याच्याच बाबांचा नियम येऊन त्याचा गळा दाबत होता. त्याला हसूही येईना आणि रडूही येईना.

"काका, आजची रात्र मेन चालू ठेवा. माझ्या जबाबदारीवर."

"तुझी जबाबदारी?" काका हसले. "नाही जमायचं. मोठे डॉक्टर म्हणाले तरी नाही. तुला ठाऊक नाही, स्टोअरमध्ये आग लागली होती एकदा. कुणीतरी हीटर चालू ठेवून गेलं होतं, आणि मी आत झोपलेलो. तुझ्या बाबांनी मला ओढून बाहेर काढलं. त्या दिवसापासून मेन बंद म्हणजे बंद. स्टोअरकीपर साहेब स्वतः म्हणाले तर चालू ठेवीन. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

"मी रात्रभर आत बसतो, मग तर झालं?"

"रात्री आत माणूस ठेवायचा नाही. तेही त्यांचंच."

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टर बाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "वॉचमन माझ्या हाताखाली येत नाहीत." ज्यांच्या हाताखाली येतात ते साहेब रजेवर. म्हणजे उरले बाबा. ज्यांना ऐकू यावं म्हणून हा सगळा खटाटोप, त्यांनाच आधी ऐकवायचं!

घरी येऊन त्याने बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडला, "वॉचमनला सांगा, मेन स्विच चालू ठेवायला!"

"हो हो," बाबा म्हणाले. "बंद करतो तो. फार चांगला माणूस."

"बंद नाही! चालू!"

"छान छान."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, शेजारी काय म्हणतील! मोबाइलवर लिहून दाखवा की." त्याने मोठ्या अक्षरात लिहून फोन बाबांसमोर धरला. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि एकदम ताडकन सरळ बसले.

"मेन चालू? रात्रभर? डोकं फिरलंय का तुझं? आग लागली तर कोण जबाबदार? त्या आगीनंतर मी एकदाही तो स्विच चालू ठेवून गेलो नाही, आणि आता माझ्याच तोंडून सांगू? कशासाठी? या मशीनसाठी? मला काही अडत नाही मशीनवाचून! येतं मला सगळं ऐकू!"

कुणाशी भांडणार? ऐकू न येणाऱ्या माणसाशी भांडण म्हणजे एकाच बाजूने चालणारा तोफखाना. बंदचालूने लिहिलं, 'अपडेट त्याशिवाय होत नाही.' बाबा म्हणाले, "नको ते अपडेट." त्याने लिहिलं, 'कॉम्प्युटर अर्ध्यावर बंद होतो.' बाबा म्हणाले, "होऊ दे. वीज वाचते."

त्याने फोन खाली ठेवला. धाकटीने सांगू नकोस म्हटलं होतं. हे ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं आणि लिहून दाखवण्यासारखंही नव्हतं. पण मग करायचं काय? अक्षरं चुकत होती, पुसून पुन्हा लिहीत होता. शेवटी एवढंच लिहिलं, 'धाकटीने त्या दिवशी सांगितलं की बाळ राहिलं नाही. तुम्ही म्हणालात छान झालं.' आणि फोन पुढे केला.

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची बंदचालूची हिंमत झाली नाही. बायको दारात येऊन उभी राहिली होती, ती पदराने डोळे पुसत आत गेली.

बाबा उठले, चपला घातल्या आणि चालू लागले. हा मागे धावला. दवाखाना जवळच होता. वॉचमन काका कुलूप हातात घेऊन मेन बंद करायला निघालेच होते. बाबांना बघून त्यांनी सलाम ठोकला.

"मेन चालू ठेव," बाबा म्हणाले. "रात्रभर. लक्ष ठेव म्हणजे झालं."

"साहेब, तुम्ही सांगताय?"

बाबांना ते ऐकू आलं नाही. पण ते म्हणाले, "मी सांगतोय."

बंदचालूने आत जाऊन अपडेट लावलं, आणि त्या रात्री ते झालं. कुठलीही चूक झाली नाही, काहीही मागे घेतलं गेलं नाही. बंदचालूने सकाळी सॉफ्टवेअर बसवायला घेतलं आणि ते निमूट, गुणी लेकरासारखं बसलं. एवढे दिवस ज्याने छळ मांडला होता, तो प्रकार मिटायला एक कप चहाचा वेळही लागला नाही. त्याला त्या कॉम्प्युटरला दोन थपडा माराव्याशा वाटल्या.

डॉक्टर बाईंनी बाबांना समोर बसवलं, दोन्ही कानांत मशीनं घातली, पडद्यावरच्या रेघा वरखाली केल्या. "आता येतंय का ऐकू?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

बाबा दचकले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुमच्या पंख्याला तेल घाला हो. केवढा ओरडतोय!" डॉक्टर बाई हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी मुलापुढे हात केला. "फोन लाव तिला."

फोन लागला. पलीकडून धाकटी म्हणाली, "हॅलो? दादा?"

"मी आहे," बाबा म्हणाले. "त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं ग. मी आपला उगाच... माझी चूक झाली बाळा. आता येतंय ऐकू. सांग मला. पहिल्यापासून सांग."

पलीकडून एक हुंदका आला, मग दुसरा, आणि मग ती ओक्साबोक्शी रडायला लागली. डॉक्टर बाई हळूच उठून बाहेर गेल्या. बाबांनी फोन कानाशी घट्ट धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते.

"रड," ते म्हणाले. "रड तू. ऐकतोय मी."

बंदचालू बाहेर आला आणि त्याने दार हळूच ओढून घेतलं.