जिजीचं बी आणि माझं खोटं

दादांचा फोन आला तेव्हा मी तापीवरच्या राजघाटाकडून फिरून घरी येत होते. "जिजी गेली," एवढंच ते म्हणाले. आणि मग, "गुरांले वैरण टाकायची राह्यली अजून," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ, दादांची बायको. आता सव्वा महिना होत आला. दहाव्याला जो तो तिच्याबद्दल बोलला, मीही बोलले. तिचा हसरा स्वभाव, हाताची चव, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने काढलेल्या खस्ता, सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र गिळली. ती आज लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात आले आणि पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागले. जिजी तुकईथडला शेतावर. सातवी झालेली, पण तिच्या बोलण्यात कधी कमीपणा नसायचा. आमच्या केळीच्या आणि कपाशीच्या रानाच्या वरच्या अंगाला एक उताराचा तुकडा आहे, नुसता मुरूम. त्याला घरात बरड म्हणतात. पावसाळ्यात तिथली उरलीसुरली माती नाल्यात जायची आणि उन्हाळ्यात पाय ठेवला की चटका बसायचा. राजस्थानकडून मेंढ्या घेऊन येणारे लोक एका वर्षी तिथे उतरले होते. त्यांच्यातल्या एका म्हातारीशी जिजीची गट्टी जमली. बांधावरच्या अंजन गवताचा एक ठोंब दाखवून ती म्हातारी म्हणाली, हे आमच्याकडे वाळूत जगतं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं, वरून जळालं तरी खालून मरत नाही. जिजीने तेच धरून ठेवलं. बरडावर अंजन करायचं, म्हणजे उन्हाळ्यात गुरांच्या चाऱ्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागणार नाही.

दादांच्या मनात बरड सपाट करून तिथेही केळी लावायची होती. शेवटी ते म्हणाले, "दोन पावसाळे देतो तुले. नाही जमलं तर जेसीबी बोलावतो." पहिल्या पावसाळ्यात जिजीने इकडून तिकडून ठोंब आणून बांधाला लावले. पाऊस सरल्यावर त्यांच्या तुऱ्यांचं बी हाताने ओरपून ओरपून गोळा केलं. ते बी काही ज्वारीसारखं नसतं. केसाळ, हलकं, फुंकर मारली की उडणारं. सगळं एकदम पिकतही नाही, म्हणून दर दोन दिवसांनी पुन्हा जायचं. महिना-दीड महिना वेचून तिने एक पोतं भरलं आणि मागच्या खोलीत ठेवलं. ताजं बी नीट उगवत नाही, पुढच्या पावसापर्यंत मुरू द्यावं लागतं, असं ती मला सांगायची. मी हसायचे. "जिजी, गवत कोणी पेरतं का?"

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन शेतावर गेले. भाऊबंदांतल्या एका पुतणीला बघायला पाहुणे आमच्याकडे येणार होते आणि जिजी चार दिवस माहेरी रावेरकडे गेली होती. जाताना मला म्हणाली, "घर आवरजो व सुनीता. फक्त त्या पोत्याले हात लावू नको." मी हात लावला. पाहुण्यांना मागच्या खोलीत जेवायला बसवायचं होतं आणि त्या कुसळांच्या पोत्याने खोली कशी दिसेल, असं मला वाटलं. पोतं अंगणात निंबाखाली ठेवलं, पाहुणे गेले की आत आणू म्हणून. त्याच संध्याकाळी वळीव पडला. पाहुणे दुसऱ्या दिवशी आले, गेले, आणि मी पोतं विसरले. तिसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा ते आतून गरम लागत होतं, आंबट वास येत होता, बुरशी धरली होती...

इथपर्यंत ती चूक होती. चूक कोणाचीही होते. पण त्यानंतर मी जे केलं ते मी पूर्ण शुद्धीत केलं. सगळं बी उकिरड्यावर ओतलं, वर शेण टाकलं. तळाशी दोन-तीन ओंजळी कोरडं राहिलं होतं, तेवढं पोत्यात ठेवलं. मग विळ्याच्या टोकाने पोत्याला खालच्या बाजूने भोक पाडलं आणि त्याचे धागे बोटांनी ओढून ओढून कुरतडल्यासारखे केले, आणि पोतं होतं तिथे नेऊन ठेवलं. मी, जी वर्गात पोरांना सांगते की जे दिसलं तेच वहीत लिहा.

जिजी आली. पोतं उचललं तेव्हाच तिला वजन कळलं. भोकातून बोट घालून ती खाली बसली.

"उंदरांनी खाल्लं वाटतं, जिजी," मी म्हणाले.

"एवढं?" ती म्हणाली. "माही चूक व. वर टांगाले पाहिजे होतं." आणि वर मलाच म्हणाली, "तू जीवाले लावून घेऊ नको."

पुढच्या आठवड्यात तिने शेजारून मांजर आणली.

त्या पावसाळ्यात उरलेल्या बियांना शेणमातीत घोळून तिने गोळ्या केल्या आणि बरडाच्या वरच्या अंगाला ओळीने टाकल्या, वरवरच, कारण खोल गेलं तर ते उगवत नाही. विरळ टाकूनही त्यात अर्धा उतार जेमतेम झाला. दादांनी शब्दाप्रमाणे खालच्या अर्ध्यावर जेसीबी घातला. त्या दिवशी जिजी घराबाहेर आली नाही. केळी तिथे धरली नाही. मोकळा झालेला मुरूम पुढच्याच मोठ्या पावसात नाल्यात गेला, आणि तो तुकडा आजही उघडा आहे. वरचा अर्धा मात्र तिने राखला. पहिलं वर्ष एकाही जनावराचं तोंड लागू दिलं नाही, तण हाताने उपटलं, मोकळी जागा दिसली की पुन्हा बी टाकलं. तिसऱ्या वर्षी तिथे गुडघाभर अंजन डोलत होतं. तरी उन्हाळा संपेपर्यंत ते पुरायचं नाही, अर्धंच होतं ना. एका कडक उन्हाळ्यात तिला तिची लाडकी गाय माहेरी पाठवावी लागली.

सगळ्यात वाईट म्हणजे गावात कोणी गवत बघायला आलं की ती सांगायची, "माही देरानी सायन्सची टीचर हाय, तिच्या भरोशावर केलं." मी तिला कधीतरी एक माहितीपत्रक वाचून दाखवलं होतं, एवढाच माझा भरोसा. मी बाजूला उभी राहून हसत असे.

शेवटी ती बुऱ्हाणपुरात दवाखान्यात होती तेव्हा एका दुपारी आम्ही दोघीच होतो. ती जागी होती. म्हणाली, "यंदा तुरे चांगले आले असतील." सांगायला ह्यापेक्षा चांगली वेळ नव्हती. कोणी आत आलं नाही, फोन वाजला नाही. मीच बोलले नाही. "हो जिजी," म्हणाले आणि तिच्यासाठी मोसंबी सोलत बसले.

तेराव्यानंतर दादा बरडावर एकटे उभे होते. मी जाऊन सगळं सांगितलं, विळ्याचं, धाग्यांचंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"ती दोन वर्षं त्या उंदरांले शिव्या देत होती," ते म्हणाले. "मले सांगून आता काय उपेग?" आणि ते घराकडे निघून गेले. मी बुऱ्हाणपूरला परतले. मला माफी मिळाली नाही, आणि ती दादांनी द्यायची नव्हतीच.

गेल्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज कोरडाच होता. "बी झडाले लागलं. माह्या हातानं ते होत नाही. येतं का?"

गेले. बी ओरपताना कुसळांनी हाताला खाज सुटते, म्हणून जिजी लुगड्यावर दादांचा एक जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायची. तो मागच्या खोलीत खुंटीवर तसाच होता. दादांनी तो काढून माझ्या हातात दिला. बाह्या तिच्या मापाने दोनदा दुमडलेल्या होत्या आणि त्या दुमडीत मागच्या वर्षीचं बी अडकलेलं होतं. माझे हात तिच्यापेक्षा लांब आहेत. मनगटं उघडी राहिली, संध्याकाळपर्यंत लाल झाली. पण बाह्या मी उलगडल्या नाहीत.