कडक स्प्रिंगा, मामाचे गहू आणि बोथ्याचा घाट

दिवाळीपासून आई माझ्या गाडीकडे ढुंकूनही पाहत नव्हती. ती पुन्हा बसायला तयार झाली, म्हणून हा प्रवास झाला.

दिवाळीत आम्ही दोघी खामगावहून साखरखेर्ड्याला मामाकडे निघालो होतो. बोथ्याच्या घाटात एका वळणावर गाडी अशी कलली की सरळ ट्रकच्या पुढ्यात. ट्रकवाल्यानं कट मारला म्हणून आज हे लिहितेय. गाडी छोटी, इंजिन दांडगं, पळायला एक नंबर, पण शॉकअब पार बसलेले! घरी आल्यावर आईनं जाहीर केलं, "आता तुह्या गाडीत मी पाय ठेवत नाई." मामाचे गुडघे गेलेले, तो येऊ शकत नाही, आणि एसट्या बदलत एकटीनं जाणं आईला जमत नाही. म्हणजे बहीण-भावाची भेटच बंद झाली. आणि खरं सांगू? घाट म्हटलं की माझ्याही तळव्यांना घाम सुटायचा.

शेवटी अकोल्याला जाऊन चारही शॉकअब बदलले, स्प्रिंगाही आखूड आणि कडक टाकल्या. खर्च बऱ्यापैकी अंगठी होईल एवढा. मिस्त्री म्हणाला, "ताई, आता गाडी कलत नाई. पन हिची दबायची जागा कमी झाली. डिक्कीत वजन नका टाकू, नाईतर वळनावर मागचं चाक जमीन सोडून उडन." आईला पटवायचं म्हणून हे सगळं मी तिला शब्दन् शब्द सांगितलं.

चिखलीचा सरळ रस्ता खोदून ठेवलेला, म्हणून पुन्हा बोथाच. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: हे अभयारण्य आहे, अंधार पडायच्या आत पलीकडे निघा. मोबाइलची रेंज जाते आणि अस्वलं खरोखर आहेत. ते वळण आलं तेव्हा आईनं डोळे गच्च मिटले. गाडी मात्र रेषेवरून चालल्यासारखी निघाली.

"झालं का थे वळन?"

"मागं गेलं, आई."

"बाप्पा!" म्हणून तिनं डोळे उघडले.

बुलडाण्याला चहा-कचोरी घेतली. पुढे चिखलीतले गतिरोधक तिरपे घ्यावे लागतात, नाहीतर गाडीचं पोट घासतं. खड्डा आला की तो दातात कळतो, एवढी तयारी ठेवा.

मामाकडे पातोडीचा रस्सा आणि भाकरी. भावा-बहिणीच्या गप्पा संपता संपेनात. निघताना पाहते तर मामाचा सालदार गडी डिक्कीत गव्हाचं दुसरं पोतं लोटतोय.

"मामा, नको! गाडीला झेपणार नाही."

"काऊन? एवढी पळनारी गाडी, अन् तिले मामाचे गहू जड होतात?"

आईकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांनी माहेरचं काही मिळत होतं. तिचा चेहरा फुलला होता. मी डिक्कीचं दार दाबून लावलं. मागच्या चाकाच्या वर बोट शिरेल एवढीही जागा उरली नव्हती.

परतताना उतरतं ऊन. घाटात गाडी हळूच घेत होते, तरी एका वळणावर मागून दण्णकन आवाज आला, मागचं चाक जमीन सोडून उडालं आणि गाडीचं बूड दरीकडे सरकलं. थांबली तेव्हा कठड्याचे दगड माझ्या आरशात होते. हँडब्रेक ओढला तरी पाय ब्रेकवरून काढवेना. आजूबाजूला चिटपाखरू नाही, झाडांखाली काळोख साचायला लागलेला. पोती फेकावी तर आईचं माहेर फेकल्यासारखं. न फेकावी तर?

इतक्यात मागून खामगावची एसटी आली. मी दोन्ही हात वर करून रस्त्यातच उभी राहिले. कंडक्टरनं खाली उतरून गाडी पाहिली. "टाका पोते अंदर. स्टँडवर उतरून घ्या." पोती चढली, आणि पाठोपाठ आईही पायरीवर.

"मी बी यातच बसतो."

"अगं, तुझ्यासाठीच तर एवढं केलं ना मी!"

ती आत गेली. दार लागलं.

उरलेला घाट मी एकटीनं, एसटीच्या लाल दिव्यामागून उतरले. रागही येत होता, रडूही. मधेच एसटीच्या मागच्या काचेत काहीतरी हललं. आई होती. शेवटच्या सीटवर गुडघे टेकून, काचेला कपाळ लावून माझ्याकडे पाहत होती. घाट संपून नाका येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

आता गाडीबद्दल विचाराल तर, कडक स्प्रिंगा जरूर टाका, घाटात फरक पडतो. पण नातेवाइकांकडे जायचं असेल तर डिक्की आधीच कशानं तरी भरून न्या. वजन घेऊन मी पुन्हा त्या घाटात जाणार नाही. ते दण्ण अजून झोपेत ऐकू येतं.

काल आई ते गहू निवडत बसली होती. न राहवून विचारलं, "भेव वाटलं ना गं तुले माह्या गाडीचं?"

"वाटलं तं. जीव खालीवर झाला माहा."

"म्हणून उतरलीस."

सुपातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "मिस्त्री वजन नको म्हने ना? पोते उतरोले, पन माह्यं वजन तं होतंच ना गाडीत."