पाय धुवून या

"टाच वर कर."

मास्तर मोबाइलची बॅटरी लावून माझ्या पायावर वाकले होते. चर्चच्या मागची खोली, जिथं फादर मिस्साचे, म्हणजे उपासनेचे, झगे घालतात ती. बाकावर आम्ही चौघं, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून. माझं वय तेव्हा बेचाळीस. दोन पोरींचा बाप. धंद्यानं गवंडी. आणि बसलो होतो बैलबाजारातल्या गोऱ्ह्यासारखा. फरक इतकाच, की गोऱ्हा लाथ तरी मारतो. मी डावी टाच दाखवून झाल्यावर उजवी आपणहून वर केली.

मास्तर म्हणाले, "हे पाय आहेत का नांगरलेलं वावर? उद्या धुवून या. साबण लावून, दगडानं घासून. फादरच्या हातात हे द्यायचं का?"

"बराबर आहे मास्तर," मी म्हणालो.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी पवित्र गुरुवार होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या संध्याकाळी बारा माणसं वेदीसमोर खुर्च्यांवर बसतात. फादर गुडघे टेकून त्यांचे पाय धुतात, पुसतात, पायाचं चुंबन घेतात. येशूनं मरणाच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांचे धुतले, म्हणून. मोठ्यानं लहानापुढं वाकावं, हा त्याचा अर्थ. आणि मोठ्याला वाकताना घाण लागू नये म्हणून लहानानं घरूनच धुवून यावं, हा आमच्या चर्चातला अर्थ.

केदारखेड्याच्या बाजारापासून आमचं गाव फार लांब नाही. चर्च, शाळा, सिस्टर लोकांचा दवाखाना, सगळं एका तारेच्या कुंपणात. आत राहतात ते कंपाउंडवाले. सर, कारकून, दवाखान्यातले. कुंपणाबाहेर आमची वस्ती. माझ्या पणज्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो मांगवाडा सोडून मिशनच्या जागेत राहायला आला. मांगवाडा मागं राहिला असं त्याला वाटलं. तो बिचारा पुढं पुढं चालत होता आणि मांगवाडा त्याच्या मागं मागं येत होता.

आता आमचा आठवडा असा. शनिवारी वस्तीतल्या बायका चर्च झाडतात, फरशी पुसतात. रविवारी सकाळी कंपाउंडातल्या बायका वेदीवर फुलं लावतात. फोटो फुलांचे निघतात. मिस्साला पुढं बाक आहेत, मागं सतरंजी. बाकावर बसू नका असं आम्हाला कुणी कधीच म्हणालं नाही. फक्त आम्ही बसलो की शेजारचा माणूस थोडा सरकतो, मंग आणखी थोडा सरकतो, आणि मंग त्याला अचानक पंख्याखाली जायचं असतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाची वाट करतो, येशूच्या मरणाच्या वाटेची आठवण म्हणून. लाकडी क्रूस जड आहे, म्हणून तो धरायला वस्तीतला माणूस. पुस्तक हलकं आहे, म्हणून ते वाचायला मास्तर.

मास्तर शाळेचे हेडमास्तर आणि चर्चच्या मंडळाचे सेक्रेटरी. लग्न, बाप्तिस्मा, मयत, पोरीचा दाखला, सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. आमच्या घरांखालची जमीन मिशनची. वस्तीत कुणाकडं तिचा कागद नाही. ही गोष्ट मास्तर कधी बोलत नाहीत. बोलायची गरजच पडत नाही. ते फक्त वस्तीतून चालत जातात आणि घरांकडं बघतात.

आणि जायचं कुठं? गावातली भावकी लग्नाचं बोलावणं धाडते. गेलो की पंगतीत मोठ्यानं विचारते, "येशूवाले कुठं बसणार?" सगळे हसतात. मी पण हसतो. गावात आम्ही येशूवाले आणि कंपाउंडात मांग. दोन्हीकडून दार ढकललं की मधला माणूस उभाच राहतो, दारात. मी बेचाळीस वर्षं उभा होतो.

बारा खुर्च्यांचं गणितही असंच, कुणी न लिहिलेलं. आठ कंपाउंडच्या, चार वस्तीच्या. बॅटरी लावून पाय तपासायचे ते फक्त चौघांचे. मला त्या चारांतली एक मिळावी म्हणून मी कोण हांजीहांजी केली त्या वर्षी! मास्तरांच्या न्हाणीघराची फरशी बसवून दिली. मजुरी विचारली नाही. कारण घरी माय होती.

माय सत्तरीची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझा बाप तीस वर्षं चर्चची घंटा वाजवत होता. त्याचं नाव त्या खुर्चीवर कधी आलं नाही. माय म्हणायची, "तुह्या बापाचे पाय जित्तेपणी कुणी धुतले न्हाईत. मेल्यावर मीच धुतले. येकदा तुहे तरी धुतलेले आयकू दे, बाबा." बघू दे म्हणत नव्हती. दिसत नव्हतंच.

तर मी पाय घासायला बसलो. विटेच्या तुकड्यानं घासले, काथ्यानं घासले, भांड्याच्या पावडरीनं घासले. वीस वर्षांचं सिमेंट. भेगा अशा, की रुपया उभा राहील. घासून त्या आणखी लाल झाल्या. बायको म्हणाली, "आवं, मेण भरा. बाया भरतात."

घरात मेणबत्ती एकच होती. फेब्रुवारीत फादर मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, ती. ती जपून ठेवायची असते. घरात कुणी मरायला टेकलं की त्याच्या उशाशी लावायची. ती मी वितळवून टाचेत भरली. पांढऱ्या रेघा काळ्या पायावर उठून दिसायला लागल्या, म्हणून त्यात हळद घातली. माझी अक्कल! पाय नवरीसारखे पिवळे झाले. धाकटी पोरगी म्हणाली, "पप्पा, तुमचं लग्न हाय का?"

गुरुवारी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. चर्चपर्यंत चालत गेलो. शहरातून मोठे फादर आले होते, सोबत फोटोवाला. बारावी खुर्ची माझी. बसलो आणि चपला काढायला गेलो तर डावी चपल निघेना. मेण उन्हानं पातळ होऊन चपलेला बसलं होतं. जोर लावला. चपल निघाली, सोबत पिवळ्या मेणाची लांब पट्टी निघाली, तिला धूळ, गवत आणि एक मुंगळा. कॉयरमधल्या पोरी खिदळल्या. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

मास्तर खांबापाशी उभे होते. त्यांनी दोन बोटं वर केली. फक्त दोन बोटं. ऊठ.

मी उठलो.

इथं मला लिहायला आवडलं असतं की मी काहीतरी बोललो. न्हाई बोललो. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र नको नको म्हणत होता, तरी त्याचे धुतले. मी हो हो म्हणत बसलो होतो, मला उठवलं. माझ्या जागी मोठ्या फादरांच्या गाडीचा ड्रायव्हर बसला. त्यानं बूट काढले. मोजे पांढरे.

मी सतरंजीकडं निघालो तर मास्तरांनी मनगट धरलं. कानाशी म्हणाले, "बादली धर. मागं मागं चाल. इकडं तिकडं हलायचं नाही."

मी बादली धरली. हे मला आजही सांगवत नाही. मी नुसती धरली न्हाई, नीट धरली. पाणी सांडू नये म्हणून दुसरा हात खाली लावला. आमचे फादर एकेकापुढं गुडघे टेकत होते, मी मागं उभा. तिसऱ्या खुर्चीवर मास्तरांचे थोरले भाऊ. अंगठ्याचं नख काळं, जाड, वाकडं. तळव्याला कुरूप. फादरनी तो पाय हातात घेतला, धुतला, पुसला, त्यावर ओठ टेकले. त्या नखावर कुणी बॅटरी मारली नव्हती. मी ते बघितलं. बघून पुढच्या खुर्चीकडं बादली नेली. शेवटी फादर माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "थँक यू." भला माणूस. गावात नवीन होता. त्याला वाटलं, मी हौसेनं धरलीय.

ज्या वेदीपुढं मी उभा होतो, तिची पायरी मीच बसवली होती. त्याच सिमेंटनं टाचा फाटल्या होत्या. पण हे मला तिथं सुचलं न्हाई. घरी जाताना सुचलं. मला सगळं घरी जाताना सुचतं.

माय दारात बसली होती. आमच्या शेजारणीच्या हाताला धरून चर्चातून माझ्या आधी पोचली होती. सतरंजीवरून तिला काही दिसलं नव्हतं.

"धुतले का रं?"

शेजारीण माझ्याकडं बघत होती. बघून आत निघून गेली.

"धुतले, माय."

"कसं वाटलं?"

"गार."

मायनं दोन्ही हात लांब केले. माझे पाय चाचपले. तिथंच दारात, चपला काढायला लावून. "फादरचं तोंड लागलंय ह्याला," म्हणाली आणि खोबरेल मागितलं. रोज सांजच्याला लावायला लागली. तीन दिवस मला सिमेंटात जाऊ दिलं नाही. सगळ्या वस्तीला सांगत सुटली. वस्तीला खरं माहीत होतं. वस्ती मायला "हो ना मावशी" म्हणत होती आणि मला बघून जमिनीकडं बघत होती. माझ्या खोट्याला अख्खी वस्ती हातभार लावून राह्यली होती. वर्षभर. आणि मी रोज पाय पुढं करत होतो.

यंदा झावळ्यांचा रविवार आला, पवित्र गुरुवारच्या आधीचा. मिस्सा संपल्यावर मास्तरांनी पुढं उभं राहून सूचना वाचल्या. मंग बारा नावं वाचली. वस्तीची तीनच. चौथी खुर्ची गेली होती. कंपाउंडच्या आता नऊ, त्यांतली एक मास्तरांची. म्हणजे गेल्या वर्षी मी एकटा उठलो नव्हतो. वस्तीची खुर्ची घेऊन उठलो होतो.

आणि मंग मास्तरांनी वाचलं, "बादली आणि टॉवेल, गेल्या वर्षीप्रमाणेच," आणि माझं नाव.

मायला दिसत नाही. ऐकू मात्र चांगलं येतं.

घरात आल्यावर भिंतीला टेकून बसली.

"बादली?"

मी सगळं सांगितलं. मेण, चपल, ड्रायव्हर. हसून सांगायला गेलो, मला सवय आहे. ती हसली नाही.

"तुला हाताला धरून उठवलं का?"

"न्हाई. बोटं दाखवली."

"बोटानं उठला?"

"हो."

माय म्हणाली, "मंग वरीसभर मी तेल कशाला लावलं रे?"

त्या सांजेला तिनं तेलाची बाटली मागितली नाही. सोमवारी नाही. मंगळवारीही नाही. रडली असती तर मी काहीतरी गोड बोलून निभावून नेलं असतं.

आज बुधवार. दुपारी काम सोडून मी चर्चच्या मागच्या खोलीत गेलो. बोलावलं नव्हतं. बाकावर वस्तीतले तिघं, पँटी दुमडून. मास्तर बॅटरी घेऊन दाविदभाऊंच्या टाचेवर वाकलेले. दाविदभाऊ माझ्या बापाच्या वयाचे. मास्तरांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे.

मास्तर वर न बघता म्हणाले, "तुझं नाव बादलीला आहे. तुला कशाला दाखवायचे पाय?"

"मी तुमचे बघायला आलो, मास्तर."

"काय?"

"तुम्ही पण बारांत हायत. बूट काढा. टाच वर करा."

बॅटरी तशीच चालू राहिली, दाविदभाऊंच्या पायावर. मास्तर सरळ उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"घर कुणाच्या जागेत आहे तुझं?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते बोलले. बोलायची वेळ आली त्यांच्यावर.

दाविदभाऊ हळूच म्हणाले, "जाऊ दे ना बाबा. लेकरंबाळं हायत." त्यांनी पँट खाली सोडली नाही. मला त्यांचा राग आला नाही. गेल्या वर्षी त्या बाकावर मी होतो.

"बादली मी धरणार न्हाई," मी म्हणालो. "आणि उद्या मी खुर्चीवर बसणार हाय. चौथी खुर्ची वस्तीची हाय."

"असे पाय घेऊन?"

"असेच."

मी बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. मास्तर काय करतील, मला माहीत नाही. पोरीचा दाखला अडेल. घराची नोटीस येईल, येऊ शकते. फादर मधे पडतील का, ठाऊक नाही, आणि त्यांच्या भरवशावर मी बसणार पण नाही. घरी येऊन मायला सांगितलं. ती "बरं" म्हणाली, एवढंच. बायकोला जाणारं घर दिसतंय, आणि तिचं चूक नाही.

उद्या मी कामावरून सरळ चर्चात जाणार. पाय धुणार नाही. सिमेंट असेल, चुना असेल, भेगा असतील. बाराव्या खुर्चीवर बसणार. मास्तरांनी दोन बोटं दाखवू देत, दहा दाखवू देत. मला उठवायचं असेल तर जवळ यावं लागेल, वाकावं लागेल, सगळ्यांच्या देखत माझ्या अंगाला हात लावावा लागेल. उचलून नेऊ देत.

माझ्या पायानं मी उठणार न्हाई.