सवतीचा टाक

लासुर्ण्याच्या सरुबाईला नवऱ्याचा संशय आला तो नाटकाच्या तालमींपासून. कुंडलिकराव बिजवर, वारलेल्या पहिलीची प्रतिमा उमटवलेला चांदीचा टाक रिवाजाप्रमाणे सरुबाईच्या गळ्यात. आता जत्रेतल्या विनोदी नाटकात ते नवऱ्याचं काम करणार, अन् तिथंही त्यांची मेलेली बायको भूत होऊन परत येणार! तालमीहून हा माणूस एवढा खुशीत का येतो?

नाटकाला ती टाक मुठीत धरून अगदी पुढं बसली. लुगडं नेसलेला भिमा शिंपी भूत बनून आला. "जा, परत येऊ नकोस," एवढंच कुंडलिकरावांनी म्हणायचं होतं. पडद्यामागून तीनदा वाक्य सांगितलं, तरी त्यांचं तोंड उघडेना. लोक पोट धरून हसले.

सकाळी टाक धुताना सरुबाई त्याच्यावरच डाफरली, "त्यांच्यानं तुला जा म्हणवलं न्हाय. मग ह्या घरात सवत तू न्हाईस, मी हाय!"