गावभर फिरलेली कांडी

डोळ्यांची साथ आटोक्यात आणली म्हणून वरच्या कार्यालयानं मला शाबासकी दिली होती. अहवालात मी अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं फक्त त्या गावाला ठाऊक आहे.

ऐंशी सालानंतरच्या एका पावसाळ्यात मी केळझरच्या बाजूला एका गावी आरोग्य सेवक होतो. पोळ्याच्या आधी घरोघर डोळे आले. हळदीत भिजवलेलं एकच फडकं घरातली सगळी माणसं डोळ्यांना लावत, आणि मी त्यांना रागवायचो. मी स्वतः मात्र मलमाची काचेची कांडी एकाच्या डोळ्यातून काढून कापसाच्या बोळ्याला पुसायचो आणि दुसऱ्याच्या डोळ्यात फिरवायचो. एकच डोळा आलेला असला तरी काळजी म्हणून दोन्हींत.

गावची दाई आली तेव्हा तिचा उजवाच डोळा लाल होता. मी दोन्हींत कांडी फिरवली. दोन दिवसांनी ती दोन्ही डोळे चिकटलेले घेऊन परत आली. तिच्या सुनेचं पहिलं बाळंतपण पंधरवड्यावर आलं होतं. अशा डोळ्यांनी बाळाला हात लावायचा नाही, असं मीच तिला बजावलं होतं.

"डावा चांगला होता माहा," ती म्हणाली. "तो तुनं आणला."

"तुमच्या फडक्यानं आला, मावशी."

"फडकं आमचं घरातल्या घरात फिरते, बापू. तुही कांडी गावभर फिरून राह्यली."

रांगेतल्या बायका हसल्या. मी वही उघडली. एकच डोळा लाल म्हणून आलेले बहुतेक जण दोन्ही लाल घेऊन पुन्हा आले होते.

माझ्या कांडीनंच साथ पसरवली, हे संध्याकाळी चावडीवर मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

"मंग आता तुह्याकडून मलम कोन लावून घेईन?" सरपंचांनी विचारलं.

"मी लावणारच नाही. हा रोग आपोआप जातो, तो पसरू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे."

उकळून गार केलेलं पाणी, ज्याचं त्याचं फडकं, वापरलेला कापूस चुलीत. दाईनं आपल्या अंगणातूनच येणाऱ्या-जाणाऱ्याला दम भरला, "फडकं कोनाचं व्हय ते?" माझ्या सांगण्यापेक्षा तिचा धाक मोठा होता. दहा दिवसांत नवा रोगी येईनासा झाला.

सुनेच्या कळा सुरू झाल्या त्या सकाळी मी दाईचे डोळे उन्हात नीट पाहिले. दोन्ही पांढरेशुभ्र होते. ती कोपरापर्यंत हात धुऊन आत गेली. दुपारी बाळ रडलं.

तिसऱ्या दिवशी तिनं मला बाळाचे डोळे पाहायला बोलावलं आणि उंबऱ्यातच अडवलं.

"पह्यले हात धू."

मी धुतले, साबण लावून, दोनदा. मग बाळानं डोळे उघडले, काळेभोर आणि स्वच्छ. दाई माझ्याकडे पाहून हसली, आणि बाळ तिनं माझ्या हातात दिलं.